जर्मनीत तिघांचा घरखर्च किती? 3,200 पगारातून घरी 40 हजार पाठवता येतील का?

सातपुडा पायथा

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, नंतर जळगावच्या एमआयडीसीत नऊ वर्षं पॅनेल वायरिंग. दीड वर्ष रोज संध्याकाळी जर्मन शिकलो, बी 1 पास झालो, कागदपत्रं मान्य झाली आणि आता स्टुटगार्टजवळच्या एस्लिंगनचं नोकरीचं पत्र हातात आहे. पगार महिन्याला 3,200 युरो, कपातीच्या आधीचा. व्हिसाही झाला. आधी मी एकटा जाणार, सहा महिन्यांनी बायको आणि चार वर्षांची मुलगी येतील.

गावात बातमी पसरली ती 3 लाख 20 हजार रुपये पगार अशीच पसरली. वडीलही तोच आकडा धरून बसलेत. त्यांचा दोष नाही. साडेतीन एकर जमीन, मागच्या जूनमध्ये वादळात केळी आडवी झाली, घड कापणीला महिना-दीड महिना राहिला होता. विकासोचं, म्हणजे गावच्या सोसायटीचं, कर्ज थकलं. त्या दिवशी बांधावर उभ्या उभ्या मी त्यांना बोलून गेलो, तिकडे गेलो की दर महिन्याला 40 हजार पाठवीन. आता शब्द दिलाय, आणि तिकडे भाडं किती, किराणा किती, लाईटबिल किती, काहीच नीट कळत नाही. यूट्यूबवर एक जण सांगतो लाखभर सहज उरतात, दुसरा सांगतो हातात काही राहत नाही.

कोणी स्वतःच्या घरातला खरा हिशेब सांगेल का? आणि इकडून काय आणावं? सासूबाईंनी दादर ज्वारीचं दहा किलो पीठ, बिबडे (ज्वारीचे पापड), काळा मसाला, घरचं तूप आणि लोणचं बांधायला घेतलंय. ‘नको’ म्हणायला जीव होत नाही.

फैजपूरची लेक

भाऊ, तुमचं वाचलं आणि पोराला झोपवून लगेच लिहायला बसले. मी फैजपूरची, सासर सावद्याचं. यजमान कारखान्यात मशीनवर आहेत, मी एका वृद्धाश्रमात अर्धा दिवस काम करते. आम्ही एस्लिंगनलाच राहतो, नेकर नदीच्या पलीकडे, सात वर्षं झाली. आलो तेव्हा आमची गत थेट तुमच्यासारखी होती, म्हणून माझी खर्चाची वही समोर ठेवून सांगते. वही लिहायची सवय सासूबाईंची, लग्नानंतर माझ्या हाताला लागली.

आधी पगार. 3,200 हातात येत नाहीत. पेन्शन, बेकारी विमा, आरोग्य विमा आणि म्हातारपणीच्या सेवेचा विमा, या चारांत मिळून साधारण एकवीस टक्के जातात आणि वर आयकर. एकटे असाल तोवर तुम्ही टॅक्सच्या क्लास 1 मध्ये, हातात 2,200 च्या आसपास पडतील. वहिनी इथे राहायला आल्या आणि कमावत नसल्या तर क्लास 3 मागून घ्या, तोच पगार 2,400 च्या थोडा वर जातो. बायको भारतात आहे तोवर हा क्लास मिळत नाही, तेव्हा पहिले सहा महिने तो धरू नका. मुलगी आली की किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठी सरकार देतं तो पैसा, जानेवारी 2026 पासून महिन्याला 259 युरो. अर्ज केल्याशिवाय तो येत नाही, आणि उशीर केलात तर मागचे सहाच महिने देतात. वहिनी आणि मुलीचा आरोग्य विमा तुमच्याच हप्त्यात बसतो, वेगळा पैसा नाही. म्हणजे तिघं असताना घरात 2,680 च्या आसपास येतील. हिशेब सोपा जावा म्हणून युरोला शंभर रुपये धरा.

आता खर्च. इथे माल स्वस्त आहे, माणसाचा हात महाग आहे आणि सगळ्यात महाग डोक्यावरचं छप्पर. आपण गावाकडून येताना किराण्याचीच काळजी करत येतो, मीही पाच किलो तूरडाळ उचलून आणली होती. डाळीने कोणाचं दिवाळं निघत नाही. घर लावताना निघतं.

भाड्याचे इथे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं थंड भाडं, आणि वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याचा लाईट वगैरे मिळवून. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुतेक थंडच आकडा असतो. आमच्या दोन खोल्यांचं थंड भाडं 780 आणि गरम 980. घरातल्या मीटरची वीज याच्याही बाहेर, ती वेगळी. अनामत म्हणून मालक जास्तीत जास्त तीन थंड भाडी घेऊ शकतो, आमची 2,340 झाली. ती तीन सारख्या हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही एकरकमी भरली आणि तो महिना उसनवारीवर काढला. तुम्ही हप्ते मागा, त्यात लाज नाही. दलालाचे पैसेही 2015 पासून ज्याने दलाल लावला त्याने द्यायचे, आणि तो बहुतेक मालकच असतो. आणि भाऊ, घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरो पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी पोस्टाने येईल’ असे मेल येतात. ती शुद्ध फसवणूक असते.

चावी मिळाली त्या दिवशीचं सांगते. दार उघडलं, आत पांढऱ्याशुभ्र भिंती, आणि स्वयंपाकघरात काहीच नाही. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून पाण्याचा एक नळ बाहेर आलेला आणि त्याला प्लास्टिकचं टोपण. छताला दिवाही नाही, तीन वायरी लोंबताहेत. मला वाटलं घर अजून बांधून व्हायचंय. इथे बरीच घरं अशीच मिळतात, आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचलून नेतो, नाहीतर तुम्हाला विकतो. अकरा दिवस आम्ही एका छोट्या विजेच्या शेगडीवर खिचडी शिजवली आणि भांडी न्हाणीघरात घासली. मग क्लाइनआनत्साइगन नावाचं जुन्या वस्तूंचं संकेतस्थळ आहे, तिथे एका आजीबाईंचं पूर्ण स्वयंपाकघर 350 युरोला मिळालं, ओव्हनसकट. भाड्याची गाडी आणून ह्यांनी आणि त्यांच्या मित्राने ते काढून आणलं. नवीन बसवायला गेलो असतो तर हजारांत गेलं असतं. म्हणून घराच्या जाहिरातीत आइनबाउक्युशे हा शब्द शोधा. तो असेल तर ओटा-शेगडी आहे. पन्नास युरो भाडं जास्त असलं तरी पहिलं घर तसंच घ्या.

दिव्यांचं काम तुम्ही घरच्या घरी कराल, तुमचे तेवढे पैसे वाचले. कारागीर बोलावला तर येण्याजाण्याचे वेगळे आणि तासाचे वेगळे. किमान मजुरीच इथे तासाला 13.90 युरो आहे, तर जाणत्या माणसाचा तास किती पडत असेल बघा. दार आपोआप बंद होतं आणि बाहेरून उघडत नाही. चावी आत राहिली तर रविवारी कुलूपवाला दीड-दोनशेच्या खाली दार उघडत नाही. एक चावी पहिल्याच आठवड्यात कोणा विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. आमच्याकडे ठेवलीत तरी चालेल.

आता हीटिंग. हे नीट वाचा, कारण इथेच आम्ही सपाटून मार खाल्ला. प्रत्येक खोलीत भिंतीला एक लोखंडी रेडिएटर असतो, त्याच्या बटणावर 1 ते 5 आकडे. पहिला हिवाळा, मूल सव्वा वर्षाचं, मी सगळीकडे 5 करून ठेवलं, दिवसरात्र. आणि फोडणीचा वास जावा, छतावरचा धुराचा भोंगा वाजू नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी वरून तिरकी उघडी. म्हणजे ऊब तयार करायची आणि बाहेर सोडायची. महिन्याला हीटिंगचे ठरलेले पैसे भरत होतो, मला वाटलं संपलं. पण ते आगाऊ असतात. वर्षाचा खरा हिशेब नंतर येतो, आणि मालकाला तो पाठवायला वर्ष उलटल्यावर बारा महिने मुदत असते. पुढच्या शरद ऋतूत एक जाड पाकीट आलं. तीन पानं आकडे आणि शेवटच्या ओळीत ठळक: आणखी 684 युरो भरा. मी पाकीट हातात घेऊन जिन्यातच बसले. त्या महिन्यात सावद्याला नणंदेच्या साखरपुड्याला पाठवायचे पैसे त्यात गेले.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवलं. बटण 2 ते 3 वर. खिडकी तिरकी ठेवायची नाही. सकाळ-संध्याकाळ हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, आणि घट्ट लावायच्या. हवा बदलते, भिंतीची ऊब राहते. तसं केलं नाही तर कपाटामागे काळी बुरशी धरते आणि घर सोडताना अनामतीतून कापतात. दुसऱ्या वर्षीच्या हिशेबात आम्हालाच 70 युरो परत आले.

त्याच आजींनी केअरवोखेही समजावलं. आपल्या या श्वाबियन भागात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते, आठवडाभर एका घराची. पाळी आली की दाराच्या मुठीवर लाकडी पाटी येऊन लटकते. मजला, जिना, कठडा, खालचं दार, हिवाळ्यात पायवाटेवरचा बर्फही. झालं की पाटी पुढच्या दाराला. काही इमारतींत यासाठी माणूस लावतात आणि त्याचे पैसे भाड्यात येतात. तुमच्याकडे पाटी असेल तर ती प्रामाणिकपणे सांभाळा. त्या एका पाटीने आम्हाला शेजार मिळवून दिला.

किराण्याचं वहीतलं मागच्या महिन्याचं पान सांगते, दोन मोठे आणि आठ वर्षांचा मुलगा: एकूण 410 युरो. त्यातले 250 आल्डी-लिडलसारख्या स्वस्त दुकानांत, 95 तुर्की भाजीवाल्याकडे, 65 स्टुटगार्टच्या भारतीय दुकानात. दूध लिटरला एक युरोच्या आसपास, कांदे किलोला सव्वा. कोथिंबिरीची जुडी तुर्की दुकानात एक युरो, पण मोठी असते. तिथली भरिताची वांगी काळी, लांबुळकी. आपल्या बामणोदच्या हिरव्या वांग्याची चव नाही, आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ तर कुठून आणणार. मी ओव्हनमध्ये पूर्ण आचेवर पाऊण तास ठेवते, मिरच्या आणि लसूण त्याच ट्रेमध्ये, आणि सालासकट लाकडी मुसळीने ठेचते. ओव्हन तापलेलाच असतो म्हणून त्याच दिवशी बट्ट्याही टाकते, कारण वीज युनिटला 35 सेंटांच्या पुढे आहे. बट्ट्या मात्र इथे झकास होतात.

हॉटेलात तिघं जेवलो तर पन्नास युरो धरा. आम्ही वाढदिवसाला जातो. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

डॉक्टर, दवाखाना विम्यात. मुलांची लिहून दिलेली औषधं फुकट, मोठ्यांना प्रत्येक औषधामागे 5 ते 10 युरो. पण दाताची कॅप आणि चष्मा यांत खिशाला चांगलीच कात्री लागते. ही दोन्ही कामं जळगावला उरकून या, चष्मे दोन-दोन करून आणा.

आता सासूबाईंचं गाठोडं. तूप आणू नका. युरोपच्या बाहेरून दुधाचं आणि मांसाचं काहीच सामानात आणता येत नाही, पेढे-खवाही नाही, सापडलं तर काढून टाकतात. ताजा कढीपत्ता, भाजी, फळं यांनाही रोपस्वास्थ्याचं प्रमाणपत्र लागतं. यातून फक्त पाच फळं मोकळी आहेत: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. तुमच्या वडिलांना सांगा, त्यांची केळी युरोपात बिनकागदाची येतात. मागच्या वेळी सासऱ्यांनी डझनभर वर्तमानपत्रात गुंडाळून दिली होती, पोराने दोन दिवसांत संपवली. इथल्या दुकानात केळी इक्वेडोर-कोलंबियाची, सव्वा युरो किलो.

दादर इथे नाही. भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं पण ते जुनं असतं, थापताना भाकरी कडेला चिरते. तरी दहा किलो आणू नका, तुमच्या एकट्याच्या हातून संपणार नाही आणि कडू पडेल. तीन किलो आणा. बिबडे, काळा मसाला, कुरडया खुशाल आणा, त्यांना वजन कमी आणि वर्षभर टिकतात. मसाला दोन किलो तरी हवाच, तो इथे कुठल्याच दुकानात मिळत नाही. लोणचं आणायचं तर तेल गळणार नाही असं बांधा आणि मोठ्या बॅगेत टाका. कुकर सपाट जाड बुडाचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. गोल बुडाची कढई इथल्या काचेच्या शेगडीवर बसत नाही. मिक्सर चालतो, व्होल्टेज तेच आहे, फक्त तीन पिनांचा प्लग बदलावा लागेल. ते मी तुम्हाला काय सांगणार.

आता 40 हजारांचं. तिघांचा महिना मी असा मांडते: गरम भाडं 980, वीज 65, इंटरनेट आणि दोन मोबाइल 55, टीव्ही-रेडिओची सक्तीची वर्गणी 18, कामावर जायचा पास 63, किराणा 410, मुलीची किटा म्हणजे बालवाडी 150 (फी गावागावाप्रमाणे बदलते, आम्ही 140 भरायचो), कपडे-बूट-औषध-साबण 150. झाले 1,890 च्या आसपास. उरले 790. त्यातून गावी यायच्या तिकिटांसाठी शंभर आणि त्या जाड पाकिटासाठी पन्नास दर महिन्याला बाजूला टाका. उरले 640. म्हणजे दुसऱ्या वर्षी 40 हजार पाठवता येतील, ओढून-ताणून. दुखणं-खुपणं आलं तर नाही.

पण पहिले सहा महिने वेगळे. एकटे असताना एका खोलीत राहून, हात आखडून तुमचा खर्च 900 होईल, उरतील 1,300. सहा महिन्यांचे 7,800. त्यातून अनामत 2,340, पहिलं भाडं 980, स्वयंपाकघर 400, पलंग-गाद्या-थंडीचे कपडे 800, दोघींची तिकिटं 1,200. 5,720 गेले. राहिले दोन हजार, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणून पहिले सहा महिने 10 हजारांच्या वर शब्द देऊ नका. दिलेला असेल तर तो विमानात बसायच्या आधी परत घ्या. इथे आल्यावर फोनवर नाही सांगता येत, मी बघितलंय.

पांझरा काठ

ताईंनी सगळं सांगितलंय, मी कार्ल्सरूहला तीन वर्षं होतो, दोन गोष्टी जोडतो. 63 युरोच्या पासवर सगळ्या देशात लोकल गाड्या, बस, ट्राम चालतात, पण ती दर महिन्याची वर्गणी आहे. बंद करायची तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत. कंपनी हातभार लावते का ते विचारा, बऱ्याच लावतात. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

टीव्ही-रेडिओची वर्गणी 18.36 ही घरामागे असते, माणसामागे नाही. सुरुवातीला दुसऱ्यांबरोबर एका घरात खोली घेतली तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी त्याचा नंबर कळवायचा. पत्र आल्यावर ‘माझ्याकडे टीव्हीच नाही’ म्हणून फेकून देऊ नका. टीव्ही असो नसो भरावी लागते आणि मागची थकबाकी एकदम येते. आणि घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करा. त्यासाठी मालकाच्या सहीचा कागद लागतो, तो चावीबरोबरच मागून घ्या. टॅक्स नंबर, बँक, सगळं त्या नोंदीवर अडतं.

पेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅन दुकानात परत द्या, एकेकाला 25 सेंट मिळतात.

भुसावळ जंक्शन

मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, इथे फक्त वाचतो. आज लिहितो, कारण चोपड्याच्या या मुलाच्या जागी मला माझा मुलगा दिसला.

तो नऊ वर्षांपूर्वी गेला. पहिल्या महिन्यापासून 50 हजार पाठवू लागला. आम्ही कधी विचारलं नाही की तुला पुरतं का. पैसे येत होते, आम्ही वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला, नातेवाइकांना दाखवला. तिसऱ्या हिवाळ्यात त्याने आम्हा दोघांना बोलावलं. उतरलो तेव्हा बर्फ पडत होता. तो स्टेशनवर घ्यायला आला होता, अंगात तेच जाकीट, जे मी त्याला भुसावळच्या बाजारातून घेऊन दिलं होतं. चेन तुटलेली, दोन सेफ्टी पिना लावलेल्या. त्याची आई तिथेच रडायला लागली. खोलीत एक गादी, जमिनीवर. फ्रिजमध्ये अंडी आणि ब्रेड. मी विचारलं, अरे इतका पगार, मग हे काय? तो म्हणाला, बाबा, स्लॅबचं काम अर्ध्यावर कसं सोडणार.

त्या रात्री त्याने मला पगाराची पावती दाखवली. तोवर मी ती कधी बघितलीच नव्हती. बघितली असती तर स्लॅब चार वर्षांनी टाकला असता.

बाळा, तुझ्या वडिलांना माझं हे लिहिलेलं वाचून दाखव. आणि पहिली पगाराची पावती आली की तिचा फोटो त्यांना पाठव. त्यांनी आयुष्यभर मार्केटच्या हिशेबपट्ट्या वाचल्या असतील, कटतीचे म्हणजे कपातीचे आकडे त्यांना कोणी समजवायला नको. त्यांना दिसेल काय कापलं आणि काय राहिलं.

जायच्या आधी बँकेत जाऊन साध्या खात्याचं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांचं खातं) करायची आणि पाठवायच्या पैशांसाठी एनआरई (परदेशातल्या कमाईचं) खातं उघडायची सोय बघून ठेव. मुलाचं ते राहिलं होतं, नंतर इथून कागद फिरवताना आमचा जीव गेला.

सातपुडा पायथा

ताई, काका, पांझरा काठ, तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

काल रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून काकांचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. सेफ्टी पिनांपर्यंत आलो आणि माझाच आवाज बसला, पुढचं बायकोने वाचलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताईंचा हिशेब परत वाचायला लावला, एकेक आकडा, आणि बोटांवर मोजत राहिले. अनामतीवर थांबले. म्हणाले, हे तर आपल्या एका एकराच्या केळीच्या लागवडीइतकं झालं. मग उठताना म्हणाले, “पहिले तुनं बस्तान बसाड. कर्जनं मी देखस.”

आज सकाळी ते विकासोच्या सचिवांना भेटून आले. कर्जाचं पुनर्गठन होतं का ते बघताहेत. पहिले सहा महिने 10 हजार, आणि ते मी पाठवले तरच, असं आमचं ठरलं. बायकोने जर्मनचा क्लास लावलाय, ती बी.कॉम. आहे. तिला तिथे काम करता येईल का हो?

सासूबाईंना तुपाचं सांगितलं तेव्हा त्या हिरमुसल्या. पण केळी चालतात ऐकल्यावर वडिलांनी लगेच कोणत्या बागेतला कोणता घड ते ठरवून टाकलं.

माझं विमान 14 तारखेचं आहे, शनिवारी संध्याकाळी साडेसातला स्टुटगार्टला उतरतं. कंपनीने दिलेली खोली एस्लिंगन स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे म्हणतात.

फैजपूरची लेक

वहिनींना काम करता येईल, जोडीदाराच्या परवान्यावर कुठल्याही कामाची मोकळीक असते. सुरुवातीला महिन्याला 603 युरोपर्यंतचं छोटं काम घेतलं तर तुमच्यावरचा त्यांचा मोफत विमाही तसाच राहतो. मी तशीच सुरुवात केली, बेकरीत, पहाटे पाचला. इथल्या फोल्क्सहोखशुलेमध्ये, म्हणजे गावच्या लोकशाळेत, भाषेचे वर्ग स्वस्तात असतात. त्यांचं जर्मन चालू राहू द्या, तिथून 40 हजारांचा रस्ता जवळचा आहे.

शनिवार संध्याकाळ म्हणजे तुमचं सामान हातात येईपर्यंत साडेआठ, आणि रविवारी इथे दुकानं बंद असतात. रिकाम्या खोलीत सोमवारपर्यंत काय खाणार? विमानतळावरून एस 2 किंवा एस 3 ने मुख्य स्टेशनला या, तिथून प्लोखिंगन किंवा किर्शहाइमकडे जाणारी एस 1 धरा. एस्लिंगनच्या फलाटावर आम्ही तिघं उभे असू. डब्यात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आणते, बट्ट्या रविवारीही चालतील अशा जास्तीच्या करते. येताना दोन रिकामे डबे हाताच्या पिशवीत ठेवा, उरलेलं त्यात काढून देईन. आणि थंडीची टोपी मोठ्या बॅगेत टाकू नका, फलाटावर वारा लागतो.